आळशी गाठ, रिकामं इंजिन आणि झोपलेलं खातं

मंडळी, मागचं व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ थांबले होते. वडिलांच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट त्यांच्या खिशात होता आणि त्यात एका शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती: 'इंडोलंट'. डिक्शनरीत पाहिलं तर अर्थ निघाला 'आळशी'. "आता गाठ आळशी म्हणजे ती काही करणार नाही, असंच ना?" असं त्यांनी आम्हाला विचारलं. पुढच्या तपासणीची तारीख घरच्यांनी याच भरवशावर सोडून दिली होती. या गाठीकडे आपण शेवटी येऊ. तिथपर्यंत जाताना त्या शब्दाची भावंडं पाहू, कारण शाळेत आपल्याला या सगळ्यांसमोर 'आळशी' हा एकच शब्द लिहून दिलेला असतो.

'लेझी' आणि 'आयडल' यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. 'लेझी' हा स्वभावावरचा शेरा आहे: काम समोर आहे, अंगात बळ आहे, पण करायची इच्छा नाही. 'आयडल'मध्ये इच्छेचा प्रश्न येईलच असं नाही. 1982 च्या संपात मुंबईच्या गिरण्यांमधले माग थांबले, ते 'आयडल' झाले. त्या मागांना, आणि घरी बसावं लागलेल्या कामगारांनाही, 'लेझी' म्हणता येणार नाही. सिग्नलला उभी असलेली गाडी 'आयडलिंग' करते, म्हणजे इंजिन चालू आहे, पेट्रोल जळतंय, फक्त चाकं फिरत नाहीत.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता 'रिकामा, पोकळ'. आता गंमत पाहा. आपणही काम नसलेल्या माणसाला 'रिकामा' म्हणतो आणि पाणी नसलेल्या हंड्यालाही रिकामाच म्हणतो. भिंतीला तुंबड्या लावणारा आपला न्हावी रिकामा आहे, आळशी नाही. आळशी असता तर तुंबड्या लावायलासुद्धा उठला नसता! 'आयडल थ्रेट' म्हणजे आळशी धमकी नव्हे, पोकळ धमकी, हेही मग आपोआप कळतं.

'लेथार्जिक' हा शब्द मात्र जपून वापरायचा. ग्रीक भाषेतल्या विस्मरणाच्या शब्दाशी त्याचं नातं आहे. इथे दोष स्वभावाचा नाही, शरीराची शक्तीच ओसरलेली असते. लहान मुलांच्या आजारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जी मार्गदर्शक पद्धत आहे, तिच्यात धोक्याच्या मोजक्या खुणा दिल्या आहेत: मूल काही पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात, किंवा ते 'लेथार्जिक' अथवा बेशुद्ध आहे. यातल्या 'लेथार्जिक'चं भाषांतर कुणी 'आळसावलेलं' असं केलं, तर आई म्हणेल, झोप झाली नसेल, आणि घरीच थांबेल. आपल्याकडे त्यासाठी 'मलूल', 'ग्लानीत', 'निपचित' असे चांगले शब्द आहेत. ते ऐकले की आई मुलाला उचलून दवाखाना गाठते.

'डॉर्मंट' म्हणजे झोपलेला. मूळ लॅटिन क्रियापद झोपण्याचंच, 'डॉर्मिटरी' त्यातूनच आली. बँकेतल्या खात्यावर दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर ते खातं झोपी जातं. बँकेने जमा केलेलं व्याज हा तुमचा व्यवहार धरत नाहीत. दहा वर्षांनी ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांसाठीच्या निधीत जातात, पण तुमचा किंवा वारसांचा हक्क बुडत नाही. केवायसीची कागदपत्रं घेऊन गेलात की खातं उठवता येतं. 'लेटंट' याच्या जवळचा, तरी वेगळा, कारण त्याच्या मुळाशी 'लपलेला' हा अर्थ आहे. 'लेटंट टीबी' असलेल्या माणसाच्या शरीरात जंतू असतात, पण लक्षणं नसतात आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. पुढे कधी तो आजार उघडा पडू शकतो, म्हणून डॉक्टर गोळ्या देतात.

'इनर्ट'ची गोष्ट आम्हाला फार आवडते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कला किंवा कौशल्य नसलेला'. 1894 मध्ये रॅली आणि रॅम्झी यांना हवेत एक वायू सापडला, तो कशाशीच संयोग करेना. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'आर्गॉन'. ग्रीकमध्ये 'अ' म्हणजे नाही आणि 'एर्गॉन' म्हणजे काम. आपला 'अकर्मण्य' अगदी असाच बनलाय. या कुटुंबातल्या सगळ्या वायूंना मग 'इनर्ट' म्हणू लागले. 1962 मध्ये नील बार्टलेट यांनी कॅनडात यांतल्याच झेनॉनचं संयुग करून दाखवलं आणि 'इनर्ट' हे नाव अडचणीत आलं. आता 'नोबल' म्हणतात. 2000 साली तर फिनलंडमध्ये खुद्द आर्गॉनलाही कामाला लावलं, अतिशय थंड तापमानात का होईना.

जाता जाता एक. आपल्या मेळघाटातल्या अस्वलाला इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' म्हणतात. 1791 मध्ये जॉर्ज शॉ यांना तो दक्षिण अमेरिकेतल्या 'स्लॉथ' या संथ प्राण्याचाच भाऊबंद वाटला, म्हणून हे नाव. मोहाच्या दिवसांत अस्वलाशी गाठ पडलेल्या माणसाला विचारा, ते किती सुस्त असतं ते!

आता ती गाठ. 'इंडोलंट'मध्ये 'इन' म्हणजे नाही आणि 'डोलेरे' म्हणजे दुखणं. मूळ अर्थ 'न दुखणारी', एवढाच. ज्याला काही दुखतखुपत नाही तो निवांत, निवांत तो आळशी, असा हा शब्द पुढे बोलण्यात घसरत गेला. वैद्यकाने मात्र जुना अर्थ जपला आणि त्याला 'सावकाश वाढणारी' हा अर्थ जोडला. सावकाश वाढते म्हणजे वाढत नाही, असं नव्हे. अशा काही आजारांत डॉक्टर लगेच उपचार न करता नुसतं लक्ष ठेवतात, पण ते लक्ष ठेवणं ठरलेल्या तारखांवरच चालतं, आणि काही गाठी पुढे चाल बदलतातही.

आम्ही डॉक्टर नाही, म्हणून त्या गृहस्थांना शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला आणि रिपोर्ट घेऊन तज्ज्ञांकडे जायला सांगितलं. त्यांनी 'आळशी'वर काट मारून तिथे 'सावकाश' लिहिलं आणि आमच्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. सोडलेल्या तारखेऐवजी त्यांना पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली.