आधी चित्र, मग तक्ते

शाळेच्या ग्रंथालयातील देवघेवीची वही तुम्ही पाहिली असेल. समजा, तिच्या प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचे नाव, पत्ता, पुस्तकाचे नाव आणि तारीख लिहितात. एका मुलीने वर्षात ४० पुस्तके नेली, तर तिचा पत्ता ४० वेळा लिहावा लागेल. तिने घर बदलले, तर तो ४० ठिकाणी दुरुस्त करावा लागेल. त्यांतल्या ३ ओळी नजरेतून सुटल्या, की एकाच मुलीचे दोन पत्ते झाले! खरा कोणता, हे वही सांगू शकत नाही.

ही वही जशीच्या तशी संगणकात भरली, तर तिचा दोषही संगणकात जातो. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याचा सिद्धांत मांडला. त्यातून पुढे आलेला नियम साधा आहे: एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा.

पण कोणते तक्ते करावेत, हे कसे ठरवायचे? १९७६ साली पीटर चेन यांनी त्यासाठी चित्राची रीत सुचवली. वस्तूसाठी आयताकृती चौकट आणि दोन वस्तूंमधील संबंधासाठी पतंगाच्या आकाराचा चौकोन. आपल्या चित्रात ‘विद्यार्थी’ आणि ‘पुस्तक’ या दोन चौकटी आणि मध्ये ‘नेतो’ हा संबंध येईल.

आता विचार करा. एक विद्यार्थी अनेक पुस्तके नेतो. एक पुस्तकही वर्षभरात अनेक विद्यार्थ्यांकडे जाते. म्हणून या संबंधासाठी तिसरा तक्ता हवा. त्यात विद्यार्थ्याचा क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि नेल्याची व परत केल्याची तारीख एवढेच लिहायचे. पत्ता फक्त विद्यार्थ्यांच्या तक्त्यात, एकदाच!

आज हे चित्र संगणकाच्या पडद्यावरच काढता येते. ‘मायएस्क्यूएल वर्कबेंच’ हे असेच एक साधन आहे. तुम्ही चौकट काढता, तेव्हा ते तक्त्याचे नाव व रकाने नोंदवून घेते. रेघ जोडता, तेव्हा कोणता रकाना कोणत्या तक्त्याकडे बोट दाखवतो, हे नोंदवते. या नोंदींवरून तक्ते तयार करण्याच्या आज्ञा ते स्वतःच लिहिते. उलट, तयार डेटाबेस वाचून त्याचे चित्रही काढून देते.

मात्र साधन फक्त लिहिण्याचे कष्ट वाचवते; विचार करण्याचे नव्हे. तुम्ही पुस्तकाच्या तक्त्यातच ‘कोणाकडे आहे’ असा एक रकाना ठेवलात, तरी ते तक्रार करणार नाही. पण नवा वाचक नोंदवताच जुन्याचे नाव पुसले जाईल. पान फाटलेले आढळले, तर आधी पुस्तक कोणी नेले होते, हे कळणारच नाही.

शेवटी एक कोडे. एकाच पुस्तकाच्या ५ प्रती आहेत आणि प्रत्येकीचा दाखल क्रमांक वेगळा आहे. मग आपल्या ‘पुस्तक’ तक्त्यात लेखकाचे नाव ५ वेळा येईल, म्हणजे पत्त्याचाच दोष पुन्हा आला! चित्रात कोणती चौकट वाढवाल? कागद-पेन्सिल घ्या आणि काढून पाहा.