‘फार शांत आहे हो आमची मुलगी’

जून महिन्यात बालवाडीच्या दारात थोडा वेळ उभे राहावे आणि आई-वडील काय विचारतात ते ऐकावे. आमच्या मोहल्ल्यातील एका छोट्या बालवाडीत मी आठवड्यातून दोन दिवस मदतीला जाते. दोन खोल्या, पुढे अरुंद पडवी, तीसेक मुले आणि हे सगळे सांभाळणाऱ्या एक आपा. प्रवेशासाठी आलेली अम्मी विचारते, “एबीसीडी कधी शिकवता? लिहायला कधी लावता? होमवर्क देता ना?” अब्बू फी विचारतात. आपले मूल इथे चार तास काय खाणार आणि कुठे पळणार, हे आजवर एकदाच कुणी विचारलेले मला आठवते. ती एका मुलाची दादी होती.

मागच्या वर्षी चार वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. तिची अम्मी कौतुकाने सांगायची, “फार शांत आहे हो आमची मुलगी. बसवाल तिथे बसते.” खरे सांगायचे तर आम्हालाही बरेच वाटले. तीस मुलांत एक जरी गप्प बसणारे असले तरी जीव सुखावतो. ती भिंतीला टेकून बसायची. बाकीची मुले पडवीत धिंगाणा घालायची आणि ही बघत राहायची. डब्यात क्रीमची बिस्किटे, नाहीतर वेफर्सचे पाकीट. एक दिवस आपांच्या लक्षात आले की हिच्या पाटीवरच्या पेन्सिली फार लवकर संपतात. ती त्या खात होती. आपांनी तिचे तळहात उघडून पाहिले, खालची पापणी ओढून पाहिली. सगळे पांढरेफटक. अम्मीला बोलावून रक्त तपासून घ्यायला सांगितले. हिमोग्लोबिन अकरा तरी हवे होते, ते आठही नव्हते. जी मुलगी आम्हा सगळ्यांना गुणाची वाटत होती, तिच्या अंगात पळण्याइतके बळच नव्हते.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. म्हणजे आमच्या बालवाडीतल्या तीस मुलांपैकी वीसएक मुलांची हीच अवस्था असू शकते.

घरात खायला नाही म्हणून असे होते का? काही घरांत तेही कारण असते. पण या मुलीच्या घरी दर जुम्याला गोश्त शिजत होते. मी विचारले, “हिच्या ताटात काय असते?” उत्तर आले, “रस्सा आणि बटाटा. तिला बोटी चावत नाही.” आपल्या पुष्कळ घरांत हेच चालते. बोटी मोठ्यांच्या ताटात, खिमा पाहुण्यांसाठी आणि लेकराला रश्श्यात बुडवलेला पाव. वास्तविक मांसातले लोह शरीर चटकन घेते. कलेजीचा छोटा तुकडा कुस्करून किंवा दोन चमचे मऊ खिमा आठवड्यातून एकदोनदा मिळाला तरी मुलाला फायदा होतो. मसूर, हरभरा, नाचणी, पालेभाज्या यांतही लोह असते, पण ते तितक्या सहजी अंगी लागत नाही. सोबत लिंबू पिळावे, पेरू किंवा आवळा द्यावा, म्हणजे ते अधिक शोषले जाते. आणि चहा नेमके उलटे करतो. सकाळी चहात खारी किंवा पाव बुडवून मुलाला शाळेत पाठवणे ही आपली जुनी सवय आहे. त्यात पोट भरते आणि लोहाची वाट अडते. दिवसभर दुधाची बाटली तोंडात असलेल्या मुलाचेही तसेच. दुधात लोह नाहीच्या बरोबर असते आणि पोट भरल्यामुळे मूल दुसरे काही खात नाही.

आपांनी मग डब्याचा नियम केला. पाकिटातले काही आणायचे नाही. उकडलेले अंडे, मुगाची खिचडी, भाकरीचा गूळ-तूप घालून लाडू, चपातीत गुंडाळलेली भाजी, केळे, बी काढून तुकडे केलेले खजूर, काहीही चालेल. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे मात्र नकोत. एवढ्या लहान मुलांच्या घशात ते अडकतात, त्यांचे कूट करून द्यावे. नियम सांगताच कुरकुर सुरू झाली. एका घरातून निरोप आला, “आमच्या मुलाला काय द्यायचे ते आता तुम्ही ठरवणार?” दोन मुलांची नावे काढली गेली. फीवर चालणाऱ्या बालवाडीला दोन मुले जाणे परवडत नाही. तरी आपांनी नियम मोडला नाही.

खाण्याची पद्धतही बदलली. पूर्वी मुले बाकांवर बसून आपापल्या डब्यात तोंड घालत. आता खाली दस्तरखान अंथरतो, हात धुतो आणि आम्ही मोठेही मुलांबरोबर जेवतो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक सोपी वाटणी सांगितली आहे : काय, कधी आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. मोबाईल दाखवून घास कोंबणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जाते. पण शेजारचा पोरगा मेथी खाताना दिसला की दुसराही एक पान चिवडतो. नवीन पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्यावर कुठे मूल तो तोंडात घालते. आपण दुसऱ्याच दिवशी “त्याला आवडत नाही” म्हणून मोकळे होतो.

आता खेळाचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यांतली ६० मिनिटे तरी धाप लागेल अशी असावीत. पडद्यासमोर बसणे एका तासापेक्षा जास्त नको. आपल्या मुलांचा दिवस मोजून पाहा. सकाळी बालवाडीत बसून लिहिणे, दुपारी झोप, मग मक्तबमध्ये कायदा घेऊन बसणे, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री मोबाईल. दिवसभर बैठकच! मक्तबच्या उस्तादांनी आणि शिकवणीच्या बाजींनी सुरू करण्याआधी दहा मिनिटे मुलांना अंगणात मोकळे सोडले तर अभ्यासाचे काही बिघडत नाही, उलट मुले बसतात तरी नीट.

मुलींचे तर आणखी कठीण. झालरीचा फ्रॉक, चमकीचे सँडल, हातभर बांगड्या आणि वर ताकीद, “कपडे मळवू नकोस.” आम्ही मुलींच्या अम्मींना सांगून टाकले की सलवार-कमीज आणि साधी चप्पल घालून पाठवा.

जागा नाही ही तक्रार मीही केली आहे. पण १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे कोणती सजवलेली इमारत होती? पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, अशी त्यांची रीत. शिंपले, बिया, खडे हीच खेळणी. अंगणवाडी हा शब्द तिथूनच आला. आमच्या पडवीत आम्ही खडूने चौकोन आखले. लंगडी होते, बेडूकउड्या होतात, ‘डोंगराला आग लागली’ होते. रोज अर्धा तास सकाळी आणि सुट्टीआधी पुन्हा अर्धा तास.

अंगणवाडीवरून आठवले. “ती गरिबांची, तिथे इंग्रजी नाही,” म्हणून आपल्यातली बरीच घरे तिकडे फिरकत नाहीत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मिळायचा आहार ठरवून दिला आहे. वजन-उंचीची नोंद होते, जंतांची गोळी मिळते, लोहाचे औषध मिळते. मूल खासगी बालवाडीत जात असले तरी त्याचे नाव आपल्या वस्तीच्या अंगणवाडीत आहे का, हे ताईंना जाऊन विचारावे.

त्या मुलीला डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले. शौचाला काळे होते म्हणून घरच्यांनी घाबरून ते मध्येच बंद केले. या औषधाने तसे होतेच, हे समजावून सांगितल्यावर पुन्हा सुरू झाले. पेन्सिली खाणे दोन-अडीच महिन्यांनी थांबले. परवा तिची अम्मी तिला न्यायला आली तेव्हा लंगडीत कोण बाद झाले यावरून हिचे एका मुलाशी जोरदार भांडण चालले होते. वेणी सुटलेली, गुडघ्यावर खरचटलेले. “आता घरात एक मिनिट बसत नाही हो,” अम्मी म्हणाली आणि तिने डबा उघडून पाहिला. अंडे संपले होते. मेथी तशीच होती.