मियाटासाठी हलकी चाके
माझदा मियाटाच्या पहिल्या दोन पिढ्यांसाठी अ‍ॅलॉय चाके निवडताना केवळ सौंदर्याला कौल देणे मला मंजूर नाही. कारण चाकाचा भार स्प्रिंगांनी पेललेला नसल्यामुळे तो जितका कमी, तितके टायर खडबडीत रस्त्याला अधिक इमानाने धरून राहते आणि वेग घेताना त्या फिरत्या वस्तुमानावर खर्ची पडणारे बळही वाचते. 1996 साली अवतरलेले रेज कंपनीचे टीई37 हा हलक्या चाकाचा अभिजात दाखला होय: दाबाखाली घडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे, मूळ 15 इंची आवृत्तीत अवघे 3.7 किलोचे. ओतीव चाक स्वस्त खरे, पण तेवढ्याच बळकटीसाठी त्यात धातू अधिक लागतो. खरेदीपूर्वी चार बोल्टांचे 100 मिलिमीटरचे वर्तुळ, 54.1 मिलिमीटरचे मध्यछिद्र आणि ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून ते बसवण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर) यांची खातरजमा करावी. जेडब्ल्यूएलसारखा बळकटीच्या चाचणीचा शिक्का नसलेल्या हलक्या चाकाची शिफारस मी कदापि करणार नाही.