मेनफ्रेमवर लिनक्स : कंपनीचे पाठबळ कसे मिळते?

बँका व विमा कंपन्यांचे अगणित व्यवहार ज्या अवाढव्य संगणकांवर चालतात त्यांना मेनफ्रेम म्हणतात. हा संगणक चालविणारी ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा उत्पादक कंपनीचीच असते आणि तिचा मोबदला ग्राहकाला भरत राहावे लागते. याउलट लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. तिचा कोड कोणीही पाहावा, बदलावा व वाटावा. मग मेनफ्रेम विकणारी कंपनी तिच्यासाठी पैसा का खर्च करील?

आय.बी.एम.चे उदाहरण बोलके आहे. लिनक्स मेनफ्रेमवर नेण्याचा पहिला प्रयत्न स्वयंसेवकांनी ‘बिगफूट’ नावाने केला. कंपनीच्या जर्मनीतील बोब्लिंगेन प्रयोगशाळेतील अभियंतेही स्वतंत्रपणे त्याच कामाला लागले होते. डिसेंबर १९९९ मध्ये त्यांचा कोड जाहीर झाला. २००० साली सुसे कंपनीने व्यापारी आवृत्ती आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, २००१ मध्ये लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करणार असल्याचे आय.बी.एम.ने घोषित केले.

हा दानधर्म नव्हता, रोखठोक हिशेब होता. मेनफ्रेमचे ग्राहक स्वस्त सर्व्हरकडे वळत होते. लिनक्समुळे अशा शेकडो सर्व्हरचे काम एकाच यंत्रावर आणता येऊ लागले. आय.बी.एम.ने केवळ लिनक्ससाठी कमी किमतीचा वेगळा प्रोसेसरही दिला. प्रणालीची किंमत गेली, पण यंत्र व सेवा विकली गेली.

दुसरी बाजूही पाहावी. २००८ मध्ये सन कंपनीची ओपनसोलारिस प्रणाली मेनफ्रेमवर आली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली व त्याच वर्षी ओपनसोलारिसचा प्रकल्प गुंडाळला. मूळ झाडच तोडल्यावर मेनफ्रेमवरील फांदी कशी वाढणार?

तेव्हा मुक्त प्रणालीसाठी कंपनीचे पाठबळ मागणाऱ्याने तीन गोष्टी हाती ठेवाव्यात : चालणारा कोड, तो मागणारे ग्राहक आणि त्यात कंपनीचा नफा कोठे आहे याचे सरळ उत्तर. नुसत्या ध्येयवादावर कोणी थैली सैल करीत नाही. आणि पाठबळ मिळाले तरी सारी भिस्त एकाच कंपनीवर ठेवू नये. २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनने अनेक कंपन्यांना एकत्र आणून ‘ओपन मेनफ्रेम प्रोजेक्ट’ सुरू केला. एका भागीदाराने हात काढला तरी दुकान चालू राहावे, हे व्यापारातले जुने शहाणपण येथेही लागू पडते.