पट्टी वाचून दाखवा, दिवाणजी

पहाटे साडेतीन. रविवार, म्हणजे पुण्याच्या गुलटेकडी बाजारात आठवड्यातला सगळ्यात मोठा बाजार. मी कांदा-बटाटा विभागातल्या एका गाळ्यावर दिवाणजी आहे. घर मात्र शेतकऱ्याचं. खेड, शिरूर, जुन्नरकडच्या गाड्या लागल्या की डाग मोजून आवक लिहायची. डाग म्हणजे नग. आमच्याकडे एक पिशवी, एक डाग.

पाच. हमाल माल उतरवून थप्पी मारतात. एका शेतकऱ्याचा एका प्रतीचा माल म्हणजे एक वक्कल. त्यातली एखादी पिशवी फोडून कांदा खाली ओततात. खरेदीदार कांदा उचलतो, अंगठ्याने मान दाबतो. मान ओली लागली की कांदा टिकणार नाही, हे त्याला कळतं. चांगल्या गोळ्यात, म्हणजे मोठ्या कांद्यात, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, मिसळलेली दिसली, तर अख्ख्या वक्कलाचा भाव पडतो. प्रतवारी शेतावरच करा, हे मी भेटेल त्या शेतकऱ्याला सांगतो.

सात. भाव फुटतो. आमच्याकडे बोली दहा किलोची, सरकारी भावफलकावर क्विंटलची. फलकावरचे 1,800 म्हणजे आमचे 180. पलीकडे पालेभाजीचा हिशेब शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर. गावाकडे बातमीतला कमाल भाव तेवढा ऐकला जातो. तो त्या दिवशीच्या सगळ्यात उजव्या वक्कलाचा असतो. बेत आखायचा तो सर्वसाधारण भावावर.

साडेनऊ. शिरूरकडचे एक काका पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, घेऊन उभे राहिले. "दिवाणजी, जरा वाचून दाखवा."

मी सावकाश वाचली. 42 पिशव्या, वजन 2,104 किलो, भाव 180, रक्कम 37,872. खाली कपात. हमाली म्हणजे माल उतरवून थप्पी मारण्याची मजुरी, तोलाई म्हणजे वजन करण्याची. मग गाडीभाडं. मग उचल.

"ही उचल कसली?"

"काका, बियाण्यासाठी तुम्ही आमच्याकडून आगाऊ पैसे नेले होते, ते."

"हां, खरंय. आणि आडत?"

आडत, म्हणजे माल विकून देण्याचं कमिशन, पट्टीत नव्हती, नसायलाच हवी. 2016 च्या जुलैपासून राज्यात भाजीपाला आणि फळांची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, खरेदीदाराने द्यायची. बाजार समितीचं शुल्क, म्हणजे सेसही, खरेदीदारानेच द्यायचा. पट्टीत 'आडत' दिसली तर तिथेच विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर समितीच्या कार्यालयात जा.

हे मी इतक्या कळकळीने सांगतो, कारण वडिलांच्या एका पट्टीत पिशवीमागे एक किलो 'कडता' कापला होता. बारदानाचं वजन आधीच वजा झालेलं, तरी वर हा किलो. वडिलांना शब्द कळला नाही, विचारायचा संकोच वाटला, आणि पन्नास पिशव्यांमागे अर्धा क्विंटल कांदा फुकट गेला. काट्यापाशी उभं राहा, आकडा स्वतः वाचा. त्यात कुणाचा अपमान नाही.

बारा. हमाल पंचायतीने 1974 मध्ये सुरू केलेल्या 'कष्टाची भाकर'मध्ये भाकरी-पिठलं. काकाही सोबत आले. जेवता जेवता त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि पट्टीच्या पाठीमागे लिहिलं: गोल्टी वेगळी भरणे.