काटा नसलेल्या गाडीत गिअर कधी बदलायचा?

मैत्रिणींनो, गटाचा माल न्यायला आपण घेतो ती गाडी बहुतेक वेळा जुनीच असते. एखादी ओमनी, नाहीतर छोटा हत्ती. समोर वेगाचा काटा असतो, तेलाचा असतो. पण इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा काटा, म्हणजे आरपीएम मीटर, बऱ्याचदा नसतो. मग शिकवणारा म्हणतो, "आवाजावरनं कळतंय की!" कुठला आवाज, ते काही सांगत नाही.

तो आवाज तुम्ही ओळखता. पिठाच्या गिरणीत दाणे एकदम जास्त पडले की आवाज जड होतो, गिरणी दबते. दाणे संपले की तीच गिरणी मोकळी किंचाळायला लागते. इंजिनाचंही तसंच. किंचाळायला लागलं तर वरचा गिअर मागतंय, दबून घुमायला लागलं तर खालचा.

असं का? बैल उभ्या जागेवरून जोर लावतो. इंजिनाला ते जमत नाही, ते फिरत असेल तरच त्याच्यात ताकद. उभ्या गाडीत ते मिनिटाला साधारण 800 ते 900 फेरे घेतं, तेवढ्यात त्याचं स्वतःचंच कसंबसं भागतं. पेट्रोल गाडी सपाटीला चालवताना 2,000 ते 2,500 च्या आसपास वरचा गिअर टाकला की बरं, डिझेलला त्याहून थोडं आधी. काटा नाही तर वेगावरून अंदाज घ्यायचा. चार गिअरची ओमनी रिकामी आणि रस्ता सपाट असेल तर ताशी 15 किलोमीटरच्या पुढे दुसरा, 30 ला तिसरा, 45 च्या आसपास चौथा. हे आकडे ढोबळ आहेत. पोती भरलेली असली किंवा चढ असला की प्रत्येक गिअरमध्ये जरा जास्त थांबावं लागतं. म्हणून शेवटी कानच खरा.

कानाच्या जोडीला पाय. रेस थोडी जास्त दाबून बघा. गाडी लगेच पुढे ओढली तर गिअर बरोबर आहे. दाबूनही ढिम्म, वर पायाखालचा पत्रा आणि गिअरचा दांडा थरथरतोय, तर एक गिअर खाली आणा. (छोट्या हत्तीच्या जुन्या डिझेल गाडीला दोनच सिलिंडर, ती उभी असतानाही थरथरते. तिची रोजची थरथर वेगळी आणि ओझ्याखालची वेगळी, हे दोन दिवसांत कळतं.) पण आवाज चढतोय आणि वेग काही वाढत नाही, असं झालं तर गिअरचा दोष नाही. क्लच प्लेट घासलेली असू शकते, मेकॅनिकला दाखवा. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती प्लेट लवकर जाते, आणि तो खर्च गटाच्या बचतीतनंच निघतो.

चढावर गाडी दमायची वाट बघू नका. पाटगावाकडून मध भरून येताय किंवा फोंडा घाटाने कोकणात उतरून परत येताय, तर चढ दिसला की वेग असतानाच खालचा गिअर घ्या. मधेच गाडी मेली तर भरल्या गाडीला परत उठवणं अवघड.

उताराला तर हे फारच महत्त्वाचं. जो गिअर चढायला लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. तिथे इंजिनाचा आवाज चढलेला राहतो, राहू दे. इंजिनच गाडीला मागं ओढून धरतंय. तेल वाचवायला कुणी न्यूट्रल करून सोडायला सांगितलं तर ऐकू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग दाबूनही नीट लागत नाहीत.

कोल्हापूरच्या रस्त्याला हंगामात बिद्रीकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या असतातच. ट्रॉलीमागे वेग 25 वर आला आणि तुम्ही अजून चौथ्यातच असाल, तर ओलांडायला जाऊ नका. आधी गिअर खाली, गाडी ओढतेय याची खात्री, समोरचा रस्ता लांबवर मोकळा, मगच बाहेर काढा. चौथ्यातच बाहेर निघालं की गाडी ट्रॉलीच्या बरोबरीला रेंगाळते आणि समोरनं एसटी येते.

लायसनबद्दलही बायका विचारतात. साधं हलक्या वाहनाचं लायसन असेल तर 7,500 किलोपर्यंतच्या मालगाडीला चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2024 चा निकाल आहे.

सरावाला सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर जा. गाणी बंद, काच खाली. एकीने कानावर भरवसा ठेवून गिअर बदलायचे, शेजारी बसलेलीने दर वेळी वेग किती होता ते वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी पोती भरून तेच करा. दोन्ही आकडे कागदावर काढून स्टिअरिंगजवळ चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी गाडी चालवणाऱ्या ताईलाही ते कामाला येतील.