साठवण टाक्या, पोलादी

द्रव पदार्थ मोठ्या प्रमाणावर साठविण्यासाठी पोलादी पत्रे जोडून जागेवरच उभारलेली, सपाट तळाची व उभ्या दंडगोलाच्या आकाराची पात्रे. खनिज तेल, पेट्रोल, डीझेल, मळी, मद्यार्क, पाणी व अनेक रसायने अशा टाक्यांत वातावरणाच्या किंवा त्याहून किंचित अधिक दाबाखाली साठवितात. तेल शुद्धीकरण कारखाने, बंदरे, औष्णिक वीज केंद्रे, साखर कारखाने व आसवन्या येथे त्या आढळतात. अधिक दाबाखाली ठेवावे लागणारे द्रवीभूत वायू गोलाकार अथवा आडव्या दाबपात्रांत साठवितात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

३० मी. व्यासाच्या व १५ मी. उंचीच्या टाकीत सु. १ कोटी ६ लाख लिटर द्रव मावतो. तथापि तिच्या भिंतीची तळाजवळील जाडी अवघी १३ मिमी.च्या आसपास असते. म्हणजे व्यास जाडीच्या सु. २,३०० पट असतो. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाच्या बाबतीत हे गुणोत्तर सु. १२० भरते. प्रमाणाच्या दृष्टीने ही टाकी अंड्याच्या कवचाहून कितीतरी पातळ असते. त्यामुळे पोलादाची प्रत, जोडकाम व तपासणी यांबाबतचे नियम काटेकोरपणे पाळावे लागतात.

मानके : पूर्वी टाक्यांचे पत्रे रिव्हेटांनी जोडीत. १९३० नंतरच्या काळात त्यांची जागा वेल्डिंगने (वितळजोडकामाने) घेतली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेचे १९६१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले ६५० क्रमांकाचे मानक जगभर वापरले जाते. भारतात उभ्या तेलटाक्यांच्या अभिकल्पासाठी (आराखड्यासाठी) व उभारणीसाठी भारतीय मानक ८०३ (१९७६) आहे.

अभिकल्प : द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो व तो भिंतीला सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो. त्यामुळे पत्र्यात परिघाच्या दिशेने ताण निर्माण होतो. हा ताण तळाकडे वाढत जात असल्याने भिंत एकावर एक बसविलेल्या पत्र्यांच्या वलयांची करतात. सर्वांत खालचे वलय जाड व वरची वलये क्रमाने पातळ असतात. वलयाची जाडी पुढील सूत्राने काढतात :

जाडी (मिमी.) = ४·९ × व्यास (मी.) × [उंची (मी.) − ०·३] × विशिष्ट गुरुत्व ÷ अनुज्ञेय प्रतिबल (न्यूटन प्रती चौ. मिमी.)

येथे उंची म्हणजे त्या वलयाच्या खालच्या कडेपासून द्रवाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर होय. वलयाच्या खालच्या कडेला तळपत्र्याचा किंवा अधिक जाड वलयाचा आधार मिळतो. म्हणून कडेपासून ०·३ मी. वरील दाब हिशेबात धरतात. वरील टाकीत ०·८५ विशिष्ट गुरुत्वाचे डीझेल साठवावयाचे असून अनुज्ञेय प्रतिबल १६० धरल्यास जाडी ११·५ मिमी. येते. तीत गंजण्यापोटी १·५ मिमी.ची भर घालून ती १३ मिमी. होते. वरच्या वलयांना सूत्रानुसार फार थोडी जाडी पुरते. पण टाकी ताठ राहावी म्हणून या व्यासाला किमान ६ मिमी. जाडी ठेवतात.

भरलेल्या टाकीला फुटण्याचा धोका असतो, तर रिकाम्या टाकीला चुरगळण्याचा. जोराच्या वाऱ्याने भिंत आत दबू नये म्हणून तिच्याभोवती पोलादी कडी बसवितात. छपराचा ५ मिमी. जाडीचा पत्रा केवळ ३९ मिमी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाने उचलला जाऊ शकतो. टाकी भरताना आतील हवा बाहेर जाण्यास व रिकामी करताना बाहेरील हवा आत येण्यास वायुमार्ग पुरेसा मोठा व मोकळा नसेल, तर छप्पर उचलले जाते किंवा टाकी आत चेपते.

छपरे : स्थिर छप्पर शंकूच्या किंवा घुमटाच्या आकाराचे असते. अनेक टाक्यांत ते भिंतीला मुद्दाम बारीक जोडाने जोडतात. आत स्फोट झाल्यास हा जोड प्रथम तुटतो व भिंत आणि तळ शाबूत राहून द्रव बाहेर वाहत नाही. पेट्रोल व कच्चे तेल यांसारख्या बाष्पनशील द्रवांसाठी द्रवावर तरंगणारे छप्पर वापरतात. त्यामुळे बाष्पाला जागा उरत नाही आणि बाष्पीभवनाने होणारी घट व आगीचा धोका कमी होतो.

उभारणी : जमीन दाबून घट्ट करून तिच्यावर वाळूचा थर व भिंतीखाली बहुधा काँक्रीटचे कडे घालतात. तळाचे पत्रे एकमेकांवर थोडे चढवून जोडतात. जोडकामाचा क्रम चुकल्यास उष्णतेमुळे तळाला फुगवटे येतात. भिंतीचे पत्रे टोकास टोक लावून जोडतात व लगतच्या वलयांतील उभे जोड एका रेषेत येऊ देत नाहीत. भिंतीचे जोड क्ष-किरणांनी तपासतात. तळाच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून, त्यावर काचेचे झाकण असलेली पेटी ठेवतात व तीतील हवा काढून घेतात. छिद्र असल्यास बुडबुडे दिसतात. ३० मी. व्यासाच्या टाकीची तळाजवळील त्रिज्या कोठेही १९ मिमी.हून अधिक चुकलेली चालत नाही.

जलपरीक्षा : पूर्ण झालेली टाकी वापरात आणण्यापूर्वी पाण्याने भरून पाहतात. पाणी टप्प्याटप्प्याने भरून प्रत्येक टप्प्याला पाया किती खचला हे मोजतात. पाणी डीझेलहून जड असल्याने भिंतीवर नेहमीपेक्षा सु. १८ टक्के अधिक दाब येतो. टाकीचा पाया, पत्रे व जोड यांची एकत्रित परीक्षा या एकाच वेळी होते. ही परीक्षा टाळण्याचा मोह खर्च व वेळ वाचविण्यासाठी होतो. त्याचे परिणाम पुढील दोन घटनांवरून दिसतात.

अमेरिकेतील बॉस्टन येथे १५ जानेवारी १९१९ रोजी सु. ८७ लाख लिटर मळी असलेली टाकी फुटली. मळीच्या लोंढ्यात २१ माणसे मेली व सु. १५० जखमी झाली. १९१५ मध्ये उभारलेल्या या टाकीचे पत्रे आवश्यकतेहून पातळ होते आणि तिच्यात केवळ सु. १५ सेंमी. पाणी भरून परीक्षा उरकली होती. पेनसिल्व्हेनियातील फ्लोरेफ येथे २ जानेवारी १९८८ रोजी डीझेलची टाकी प्रथमच जवळजवळ काठोकाठ भरत असताना उभी चिरली. ही टाकी दुसरीकडून सोडवून आणून पुन्हा उभारलेली होती. एका जोडाजवळच्या जुन्या दोषापासून थंडीत पोलादाचा ठिसूळ भंग झाला. पूर्ण उंचीची जलपरीक्षा येथेही झालेली नव्हती. डीझेल मोनाँगहीला नदीत शिरून लाखो लोकांचा पाणीपुरवठा बाधित झाला. यानंतर, १९९१ मध्ये, वापरातील व पुन्हा उभारलेल्या टाक्यांच्या तपासणीसाठी ६५३ क्रमांकाचे स्वतंत्र मानक निघाले.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतही मळी पोलादी टाक्यांत साठवितात. मळी पाण्याच्या सु. १·४ पट जड असते. म्हणजे जलपरीक्षेत मळीच्या दाबाच्या सु. ७० टक्के इतकाच दाब येतो. म्हणून अशा टाकीची जाडी मळीच्या घनतेवरून काढणे व जोडांची तपासणी अधिक बारकाईने करणे अगत्याचे असते.

देखभाल व संरक्षण : तेलाखाली साचणारे पाणी तळाला आतून, तर जमिनीतील ओलावा बाहेरून गंजवितो. रंगलेप व ऋणाग्री संरक्षण यांनी गंजणे मंदावते. पण ठराविक काळाने टाकी रिकामी व बाष्परहित करून तळाची जाडी मोजावी लागते. टाक्यांभोवती बांध घालून निदान सर्वांत मोठ्या टाकीतील सर्व द्रव मावेल एवढी जागा राखतात. विजेपासून संरक्षण व भूयोजन (जमिनीशी विद्युत् जोडणी) हेही आवश्यक असते. मुंबई बंदरातील बुचर बेटावर (जवाहर द्वीपावर) ६ ऑक्टोबर २०१७ रोजी वीज पडून डीझेलच्या टाकीला लागलेली आग विझण्यास काही दिवस लागले.